खेळ कोणाचा ?

बुद्धिबळाचा खेळ प्रथम कोणीं रचला हें आज कोणी निश्चयानें सांगूं शकत नाहीं, आणि म्हणूनच तो बदलतांना कोणाची परवानगी मागण्याची पाळी कोणावर आली नाहीं. आपल्याकडील देशी डावांत प्यादें पहिल्या खेळीसहि एकच घर चालतें, आणि शह बसण्यापूर्वीं राजाला एकदां घोड्याची चाल खेळण्याची मुभा असते. विलायती डावांत या दोन्ही गोष्टी नाहींत. पत्त्यांच्या डावांचें तर घरोघर निराळें शास्त्र. सुटींत आलेल्या पाहुण्याला पहिल्याच दिवशीं "आमच्याकडे असें खेळतात" हें ऐकून घ्यावें लागतें, आणि तोहि तें मुकाट्यानें मान्य करतो. या फेरफारांत कोणीं कोणाचें कांहीं चोरलें असें आजवर कोणाच्या मनांत आलें नाहीं. जो खेळे त्याचा खेळ होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत संगणकावर खेळावयाचे जे चित्रखेळ जन्मास आले, त्यांनीं ही जुनी स्थिति पालटली. या खेळांना मालक असतो. त्यांना किंमत असते. आणि त्यांचे नियम खेळणाऱ्यांच्या स्मरणांत नसून यंत्राला कळणाऱ्या संकेतांत बंद केलेले असतात. नियम पाळून घेण्याचें काम माणसाकडे नसून यंत्राकडे असल्यामुळें, एखादा नियम रुचला नाहीं तरी चार जणांनीं बसून तो बदलावा अशी सोय उरत नाहीं. असें असूनहि खेळणाऱ्यांनीं ते नियम बदललेच. कोणीं नवीन नकाशे रचले, कोणीं पात्रें बदललीं, कोणीं जुन्या खेळाच्या पोटांतून अगदीं निराळा खेळ काढला. या उद्योगाला 'मॉडिफिकेशन' या इंग्रजी शब्दाचें लघुरूप करून 'मॉड' म्हणतात. आपण त्यास 'फेररचना' म्हणूं. या फेररचनेचा इतिहास साठ वर्षांहून थोडा अधिक, म्हणजे फार जुना नाहीं. पण त्यांत मालकी आणि श्रम यांचा जो प्रश्न पुनःपुन्हां उभा राहतो, तो मात्र विचार करण्यासारखा आहे.

आरंभ मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६२ सालीं स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं पीडीपी-१ नांवाच्या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ रचला. पडद्यावर दोन आकाशयानें एकमेकांवर मारा करीत, एवढाच तो मूळचा खेळ. त्याचे संकेत कागदी फितीवर छिद्रें पाडून ठेवलेले असत, आणि तेथील कोणाहि होतकरूला ते पाहतां व बदलतां येत. पीटर सॅमसन यास पार्श्वभूमीवर वाटेल तशा विखुरलेल्या चांदण्या रुचल्या नाहींत. त्यानें तेथें खऱ्या आकाशाचा नकाशा आणून बसविला. डॅन एडवर्ड्स यानें मध्यभागीं एक सूर्य ठेवून त्याचें गुरुत्वाकर्षण गणितांत आणलें. मार्टिन ग्रेट्झ यानें संकटकाळीं यान एकाएकीं अदृश्य होऊन भलतीकडेच प्रकट व्हावें अशी युक्ति काढली. आज 'स्पेसवॉर' म्हणून जो खेळ ओळखला जातो तो या सर्वांच्या हातचा आहे. मूळ कर्ता आणि फेररचनाकार असा भेद तेथें नव्हता. कारण विकावयाचें असें कांहींच नव्हतें.

भेद उत्पन्न झाला तो पैशाबरोबर. पुढें नाणें टाकून खेळण्याचीं यंत्रें निघालीं आणि त्यांवर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. वर सांगितलेल्या संस्थेंतच शिकणारे डग मॅक्रे व केव्हिन करन हे दोघे तरुण अशीं यंत्रें विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत ठेवून चार पैसे मिळवीत. अटारी कंपनीचा 'मिसाईल कमांड' हा खेळ मुलांच्या हातवळणीं पडला, तशी त्यांची मिळकत रोडावली. तेव्हां त्यांनीं १९८१ मध्यें एक जोडपट्टी तयार केली. ती यंत्रांत बसविली कीं तोच खेळ अधिक अवघड व नवा होई. इतर यंत्रवाल्यांनींहि ती विकत घेतली. अटारीनें त्यांच्यावर दीड कोटि डॉलरांचा दावा लावला. पण तो शेवटास न जातां तडजोड झाली. मूळ निर्मात्याच्या संमतीवांचून अशा पट्ट्या विकणार नाहीं असें तरुणांनीं कबूल केलें, आणि कंपनीनें त्यांनाच नवे खेळ रचण्याच्या कामावर घेतलें. 'पॅक-मॅन' या प्रसिद्ध खेळावरहि त्यांनीं अशीच एक पट्टी तयार केली होती. आतां संमति आवश्यक होती, म्हणून ते ती घेऊन अमेरिकेंतील परवानाधारक मिडवे कंपनीकडे गेले, आणि १९८२ सालीं तीच 'मिझ पॅक-मॅन' या नांवानें बाजारांत आली. नाण्यांच्या यंत्रांच्या इतिहासांत तिच्याएवढें यश फार थोड्या खेळांस लाभलें आहे. ज्यांना कालपर्यंत चोर म्हटलें त्यांच्याच हातून धन्याच्या घरीं लक्ष्मी आली, ही गोष्ट या इतिहासांत येथें प्रथम घडली; शेवटचीच नव्हे.

घरगुती संगणक आल्यावर दोन वाटा स्पष्ट दिसूं लागल्या. 'कॅसल वुल्फेनस्टाईन' या १९८१ सालच्या खेळांत नाझी शिपायांच्या किल्ल्यांतून सुटका करून घ्यावयाची असे. कांहीं तरुणांनीं १९८३ मध्यें त्याचीं चित्रें व आवाज बदलून शिपायांच्या जागीं बेल्जमच्या चित्रकथांतील निळे बुटके 'स्मर्फ' आणून बसविले, आणि भयाचें प्रहसन करून टाकलें. त्याच वर्षीं निघालेल्या 'लोड रनर' या खेळाबरोबर मात्र नवे टप्पे रचण्याचें साधन निर्मात्यांनीं स्वतःच दिलें होतें. एकीकडे खेळाडूंनीं भिंत फोडली. दुसरीकडे मालकानें आपण होऊन किल्ली हातीं दिली.

ही किल्ली देण्याची रीत ज्यानें रूढ केली तो खेळ म्हणजे १० डिसेंबर १९९३ रोजीं प्रसिद्ध झालेला 'डूम'. टेक्सासमधील 'इड सॉफ्टवेअर' या लहानशा मंडळीनें तो रचला. त्यांच्या आदल्या वर्षींच्या खेळाची खेळाडूंनीं आपण होऊन मोडतोड केल्याचें त्यांनीं पाहिलें होतें. दुसरा कोणी असता तर त्यानें पुढच्या खेळाला अधिक भक्कम कुलूप लावलें असतें. परंतु मुख्य संकेतकार जॉन कारमॅक यास ती मोडतोड आवडली, व ती सुकर व्हावी म्हणून त्यानें खेळाची रचनाच बदलली. चूल एक असली तरी तिच्यावर शिजणारा शिधा बदलतां येतो, त्याप्रमाणें त्यानें खेळ चालविणारें यंत्र निराळें केलें, आणि नकाशे, चित्रें, आवाज ही सारी सामग्री 'वॅड' नांवाच्या स्वतंत्र फाईलींत ठेवली. यामुळें फेररचना वापरण्याची कृति अगदीं सोपी झाली. मूळ फाईलला हात लावावयाचा नाहीं. आपली छोटी वॅड फाईल खेळ सुरू करतांना सोबत द्यावयाची. एकाच नांवाची वस्तु दोहोंत आढळली तर मागून आलेली ग्राह्य धरली जाते, आणि बाकी सर्व मूळचें राहतें. नको झाली कीं ती फाईल काढून ठेवावी. मूळ खेळ जसाच्या तसा शाबूत.

नवी रचना करण्याचें साधन मात्र 'इड'नें दिलें नव्हतें. तें खेळाडूंनींच घडविलें. न्यूझीलंडमधील ब्रेंडन वायबर व बेल्जममधील राफाएल किने यांच्या प्रयत्नांतून १९९४ च्या आरंभींच एक नकाशालेखक तयार झाला. त्यावर काम करणें म्हणजे घर बांधणाऱ्या कारागिराप्रमाणें वरून दिसणारा आराखडा काढणें होय : प्रथम भिंतींच्या रेषा ओढावयाच्या, मग प्रत्येक खोलीला जमिनीची व छताची उंची द्यावयाची, उजेड किती तें सांगावयाचें, आणि शेवटीं शत्रु, शस्त्रें व दारें आपापल्या जागीं ठेवावयाचीं. त्या वर्षाच्या अखेरीस एका खेळाडूनें या साधनांनीं 'एलियन्स' चित्रपटाच्या धर्तीवर डूमचें असें संपूर्ण रूपांतर केलें कीं, मूळ खेळाची ओळखहि पटूं नये. 'इड'नें एवढीच अट घातली होती कीं, फुकट वाटलेल्या नमुन्यावर या रचना चालूं नयेत, विकत घेतलेल्या खेळावरच चालाव्यात. अट रास्त होती आणि हिताचीहि होती. कारण प्रत्येक नवी फेररचना मूळ खेळाला नवें गिऱ्हाईक मिळवून देऊं लागली. पुढें डिसेंबर १९९७ मध्यें कारमॅकनें डूमची चूलहि, म्हणजे यंत्राचे सारे मूळ संकेत, लोकांस खुले केले.

म्हणजे सर्वत्र गोडीगुलाबीच होती असें मात्र नाहीं. डूमसाठीं एका मंडळानें नकाशांचा एक मोठा संच रचला होता व तो विनामूल्य वाटण्याचें जाहीर केलें होतें. ऐन वेळीं 'इड'नें तो विकत घेतला आणि १९९६ सालीं विक्रीस काढला. रचणाऱ्यांस मोबदला मिळाला यांत वाईट कांहीं नाहीं. पण वाट पाहत बसलेल्या खेळाडूंना पंक्तींतून उठविल्यासारखें झालें. देणगी आणि माल यांच्यामधील रेघ किती बारीक आहे हें तेव्हां प्रथम सर्वांस जाणवलें.

ही रेघ न्यायालयांत ओढली गेली ती १९९८ मध्यें. 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' या १९९६ सालच्या खेळाबरोबर टप्पे रचण्याचें साधन दिलेलें होतें, आणि खेळाडूंनीं रचलेले टप्पे विनामूल्य वाटावेत अशी मुभा होती. 'मायक्रो स्टार' नांवाच्या एका व्यापाऱ्यानें असे ३०० टप्पे गोळा करून एका तबकडीवर घातले व ती विकावयास काढली. खेळाच्या प्रकाशकांशीं तंटा होऊन प्रकरण नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयापुढें गेलें. व्यापाऱ्याचें म्हणणें चतुराईचें होतें : या फाईलींत मूळ खेळाचें एकहि चित्र नाहीं, कोणतें चित्र कोठें ठेवावें एवढ्या सूचना मात्र आहेत, चित्रें तर मूळ खेळाच्या कोठारांतूनच येतात. न्यायमूर्ति कोझिन्स्की यांनीं तें मानलें नाहीं. हे टप्पे म्हणजे ड्यूकच्या कथेचे पुढील अध्याय आहेत, आणि आपल्या कथेचे पुढील अध्याय लिहिण्याचा किंवा लिहूं देण्याचा हक्क मूळ कर्त्याचा आहे, असा निकाल झाला.

कायद्याच्या दृष्टीनें हा निकाल सयुक्तिकच म्हणावा लागेल. परंतु त्या खटल्याकडे जरा दुरून पाहिलें म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. वादी-प्रतिवादींपैकीं एकानेंहि ते तीनशें टप्पे रचले नव्हते. ज्यांनीं रात्री जागून ते रचले, ते कोणाच्याच बाजूनें उभे नव्हते. शेताचा धनी आणि धान्य उचलून नेणारा अडत्या यांचें भांडण रंगलें होतें. राबणारा मात्र कचेरीबाहेरच होता.

राबणाऱ्याचें सोनें झाल्याचीहि उदाहरणें आहेत. 'क्वेक' या १९९६ सालच्या खेळावर ऑस्ट्रेलियांतील तीन तरुणांनीं 'टीम फोर्ट्रेस' ही फेररचना केली. अमेरिकेंतील 'व्हॉल्व्ह' कंपनीनें त्यांना नोकरीस घेतलें. त्याच कंपनीच्या 'हाफ-लाईफ' या १९९८ सालच्या खेळावर कॅनडांतील विद्यार्थी मिन्ह ली व त्याचा सहकारी जेस क्लिफ यांनीं १९९९ च्या जूनमध्यें 'काउंटर-स्ट्राईक' रचला. एकट्यानें खेळावयाच्या गोष्टीरूप खेळांतून त्यांनीं दोन तुकड्यांचा सामना निर्माण केला. तो इतका लोकप्रिय झाला कीं, पुढच्याच वर्षीं 'व्हॉल्व्ह'नें त्याचे हक्क विकत घेऊन दोघांनाहि आपल्याकडे बोलाविलें. या खेळाचा वंश आजहि चालू आहे. २०२३ सालीं त्याची नवी आवृत्ति निघाली.

याच्या अगदीं उलट उदाहरण 'डोटा'चें. 'ब्लिझर्ड' कंपनीच्या 'वॉरक्राफ्ट' मालिकेंतील तिसऱ्या खेळाबरोबर २००२ मध्यें नकाशे रचण्याचें साधन दिलेलें होतें. त्यावर यूल असें टोपणनांव घेतलेल्या एकानें 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स' हा नकाशा रचला. तो सोडून गेल्यावर गिन्सूनें तो वाढविला. त्याच्यामागून आईसफ्रॉगनें वर्षानुवर्षें त्याची निगा राखली. जुन्या पोथीला पिढ्यान्‌पिढ्या टीका जोडल्या जाव्यात तसा तो वाढला. त्यांतून खेळांची एक नवी जातच जन्मास आली, आणि तिच्यावर 'लीग ऑफ लेजेंड्स'सारखें मोठें वैभव उभें राहिलें. मग 'व्हॉल्व्ह'नें आईसफ्रॉगला हाताशीं धरून 'डोटा २' रचावयास घेतला, तेव्हां त्या नांवावरून दोन कंपन्यांत वाद पेटला. तो २०१२ च्या मे महिन्यांत समेटानें मिटला. जी वस्तु ब्लिझर्डच्या घरांत वाढली पण ब्लिझर्डनें घडविली नाहीं, तिचें फळ दुसऱ्यांनीं नेलें. ही ठेंच कंपनीच्या जिव्हारीं लागली असावी. कारण जानेवारी २०२० मध्यें तोच खेळ नव्या रूपांत प्रसिद्ध करतांना तिनें अशी अट घातली कीं, यावर कोणीहि कांहीं रचलें तर तें सर्वस्वीं कंपनीच्या मालकीचें होईल. दार उघडें ठेविलें खरें. पण आंत येऊन जो कांहीं करील तें घरधन्याचें, अशी पाटी वर लाविली. अशा घरांत पाहुणे फार दिवस राबत नाहींत.

मग श्रमाचें मोल रोख पैशांत द्यावें, हा उपाय सरळ दिसतो. तोहि करून पाहण्यांत आला. 'बेथेस्डा' कंपनीच्या 'स्कायरिम' (२०११) या खेळावर फेररचनांचें रान माजलें आहे. तेथें एकच नव्हे तर पन्नास-शंभर रचना एकाच वेळीं वापरणारे लोक आहेत, आणि त्या बसविण्याचें स्वतंत्र शास्त्र झालें आहे. दोन रचनांनीं एकाच वस्तूला हात घातला असेल तर क्रमानें जी मागून येते तिचा शब्द अखेरचा. म्हणून कोणती आधीं आणि कोणती नंतर याचा विचार चौकस गृहिणीनें फोडणीचा करावा तितका बारकाईनें करावा लागतो. क्रम चुकला कीं खेळ बंद पडतो. शिवाय अनेक रचना दुसऱ्यांच्या रचनांवर टेकलेल्या असतात : एकानें हालचालींचें तंत्र करून ठेवावें, दहांनीं त्यावर आपापले मजले चढवावेत.

अशा या परस्परावलंबी वस्तींत २३ एप्रिल २०१५ रोजीं फेररचना पैसे घेऊन विकण्याची सोय 'व्हॉल्व्ह' व 'बेथेस्डा' यांनीं सुरू केली. विक्रीच्या रकमेपैकीं रचणाऱ्यास २५ टक्के, बाकीचे दोन्ही कंपन्यांस. लगोलग कलह माजला. मासेमारीच्या एका रचनेंत दुसऱ्या एकाच्या तंत्राचा आधार घेतल्याचें निघालें व ती पहिल्याच दिवशीं मागें घ्यावी लागली. निषेधाच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या पडल्या. २७ एप्रिल रोजीं, म्हणजे चार दिवसांतच, ती सोय बंद झाली आणि घेतलेले पैसे परत करण्यांत आले. कंपन्यांचा वांटा फार होता हें खरेंच. पण खरी अडचण त्याहून खोल होती. जें काम शेजारधर्मानें उभें राहिलें होतें त्याची एकाएकीं वांटणी करावयाची म्हटल्यावर कोणाची वीट कोणती हें ठरवितां येईना. कालपर्यंत "घ्या हो, वापरा" म्हणणारे लोक एकमेकांकडे संशयानें पाहूं लागले.

हें सर्व दूरदेशींचें आहे, आपला त्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. त्यानें आपल्या घरांतील दिवाणखान्याची आठवण करावी. २०१८ नंतर महाराष्ट्रांतील कित्येक घरांत ज्याच्यावरून बापलेकांत रोज खटके उडत, आणि सप्टेंबर २०२० मध्यें भारत सरकारनें ज्यावर बंदी घातली, त्या 'पबजी'चा वंशवृक्ष काढून पाहिला तर तो फेररचनेच्याच मुळाशीं जातो. झेक देशांतील एका कंपनीच्या 'आर्मा २' या युद्धखेळावर न्यूझीलंडच्या डीन हॉल यानें २०१२ मध्यें 'डेझी' रचला; त्या 'डेझी'वर आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीन यानें पुढच्या वर्षीं, 'एकच शेवटीं उरावा' अशा चढाओढीचा खेळ रचला; आणि मग कोरियांतील एका कंपनीनें त्याला बोलावून घेऊन २०१७ सालीं 'पबजी' जगापुढें आणला. एका फेररचनेची ही फेररचना आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोंचली, आणि तिच्या पाठीमागें हौसेनें राबलेले हात होते हें आपल्याला ठाऊकहि नव्हतें.

या इतिहासाचा निष्कर्ष आमच्या मतें असा आहे. खेळाची मालकी कोणाची याचें उत्तर कायद्यानें दिलेलें आहे, आणि तें मालकाच्या बाजूचें आहे. त्यांत लवकर बदल होईल असें दिसत नाहीं. परंतु खेळाचें आयुष्य किती, याचें उत्तर कायदा देऊं शकत नाहीं. तें उत्तर खेळणारे देतात. सर्वच फेररचना चांगल्या असतात असें नाहीं; पुष्कळशा कच्च्या, कांहीं ओंगळ, आणि कांहीं नुसत्या दुसऱ्याच्या कामाच्या नकला असतात. तरीहि ज्या धन्यानें दार उघडें ठेवून रास्त अट घातली, ज्यानें राबणाऱ्याचें नांव राखलें आणि वेळ आल्यावर त्याला पंक्तीस बोलाविलें, त्याचा खेळ टिकला. ज्यानें दुसऱ्याच्या श्रमावर आगाऊ शिक्का मारून ठेवला त्याच्या अंगणांत गवत वाढलें. डूम प्रसिद्ध होऊन तीस वर्षें उलटून गेलीं, तरी त्यावर नवे नकाशे आजहि निघत आहेत. त्याच्या निर्मात्यांपैकीं जॉन रोमेरो यानेंहि २०१९ मध्यें त्यासाठीं नऊ नकाशांचा एक नवा संच रचून विनामूल्य दिला. आणि तो संच बसविण्याची रीत तीच, १९९३ सालीं खेळाडूंना दिलेली : मूळ फाईलला हात लावावयाचा नाहीं, आपली फाईल तेवढी सोबत द्यावयाची.

राहतां राहिला आपल्या घरांतील मुलांचा प्रश्न. मुलगा खेळांत वेळ दवडतो ही आईबापांची तक्रार खोटी नाहीं. पण तोच मुलगा एखाद्या दिवशीं "हा नियम असाच कां ? मी बदलूं शकेन का ?" असें विचारूं लागला, तर तो खेळणारा राहिलेला नाहीं, घडविणारा होऊं लागला आहे, असें समजावें. त्या वेळीं त्याला रागें भरण्याऐवजीं दोन गोष्टी सांगाव्या : ज्याच्या कामावर आपण उभे राहतों त्याचें नांव घ्यावें, आणि आपण केलेलें काम कोणाच्या अटीवर देत आहों तें सही करण्यापूर्वीं वाचावें. या साठ वर्षांत पुष्कळ हुशार मुलांना दुसरी गोष्ट कोणीं सांगितली नव्हती.